शवपेटी ओढणारा 'जँगो'
सर्जिओ कोर्बुचीचा 'जँगो' हा इटालियन वेस्टर्न 1966 साली आला. पैसा बेताचाच होता. चित्रीकरणाचा बराच भाग रोमजवळच्या एलिओस स्टुडिओतल्या लाकडी गावात झाला. हॉलिवूडच्या वेस्टर्नमधलं रखरखीत, सोनेरी वाळवंट इथं नावालाही नाही. आहे तो घोट्याएवढा चिखल. नायकाकडे घोडाही नाही. खांद्यावर खोगीर टाकून तो त्या चिखलातून शवपेटी फरफटत आणतो. हा नायक साकारणारा फ्रँको नीरो तेव्हा जेमतेम चोविशीचा. पेटीत दडवलेली मशीनगन बाहेर निघते, तेव्हा त्याच्यावर चालून आलेले लाल बुरखेवाले पटापट कोसळतात. हे बुरखेही, म्हणे, काटकसरीतूनच आले: हाताशी उरलेल्या एक्स्ट्रांचे चेहरे कोर्बुचीला पसंत नव्हते. खरं-खोटं काही असो, पडद्यावर ते शोभतात.

एका प्रसंगात माणसाचा कान कापून त्याच्याच तोंडात कोंबतात. अशा हिंसेमुळे ब्रिटिश सेन्सॉरने 1967 मध्ये चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारलं. तिथं त्याला प्रमाणपत्र मिळालं ते थेट 1993 मध्ये, आणि तेही फक्त प्रौढांसाठी. 2004 मध्ये वयाची अट 15 वर आली.

युरोपात मात्र या नावाचं चलनी नाणं झालं होतं. कथेचा काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी चित्रपटांवर 'जँगो' चिकटवलं गेलं. जर्मन वितरक तर नीरोचे इतर चित्रपटही त्याच नावाने खपवत. नीरो असलेला अधिकृत उत्तरभाग 1987 मध्ये निघाला. 2012 मध्ये अमेरिकन दिग्दर्शक टॅरँटिनोने आपल्या चित्रपटासाठी हेच नाव उचललं आणि त्यात नीरोला छोटी भूमिकाही दिली.