प्रस्तावना : मान्सूनच्या अभ्यासाकडे

जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे येतात आणि पाऊस पडतो. शालेय भूगोलात आपण सगळ्यांनी मान्सून असाच पाठ केला. ही मांडणी एडमंड हॅली यांची, १६८६ सालची. धूमकेतूवाले हॅली तेच. तिला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. मग सर्वांत जास्त पाऊस मे महिन्यात का पडत नाही? विदर्भ होरपळतो मेमध्ये, आणि पावसाचा जोर असतो जुलैत, जमीन बरीच निवल्यावर. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. दुष्काळी वर्षाच्या पावसाळ्यात मध्य भारताची जमीन चांगल्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते. म्हणजे पाऊस हटतो म्हणून ऊन वाढते. ऊन वाढले म्हणून पाऊस वाढत नाही. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला. मान्सून म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचीच थोरली आवृत्ती नव्हे; विषुववृत्ताजवळ पृथ्वीला वेढणारा ढगांचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो आणि उन्हाळा सरता सरता आपल्या भूमीवर येऊन ठाकतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला हीच बाजू भक्कम वाटते, आणि पुस्तक तिच्याच अंगाने लिहिले आहे.

भारतात या शास्त्राची घडण दुष्काळाच्या धास्तीत झाली. १८७५ मध्ये हवामान विभाग स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ सुरू झाला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधू लागले : बर्फ फार, तर पुढचा पाऊस दुबळा. १९०४ मध्ये सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. जगभरच्या वायुदाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी जमवून त्यांनी सहसंबंधांची आकडेमोड करवून घेतली, तीही संगणकाच्या आधीच्या काळात. पॅसिफिकवर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, हे त्यातून दिसले. त्याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटले. पावसाचा भरवशाचा अंदाज मात्र हाती लागला नाही. हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये या ऑसिलेशनचा दुवा पॅसिफिकच्या तापणाऱ्या पाण्याशी, म्हणजे एल निनोशी जोडला, तेव्हा वॉकरांना केवढे घबाड सापडले होते ते कळले.

एल निनो आला की आपला पाऊस बहुधा घटतो, म्हणून त्याचे नाव निघाले की आता आपल्याकडे बाजारसुद्धा बिथरतो. पण १९९७ चा एल निनो अतिशय प्रबळ असूनही पाऊस सरासरीच्या किंचित वर राहिला, आणि २००२ चा बराच सौम्य असून तूट सुमारे १९ टक्क्यांची पडली. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेच्या तुलनेत तापण्याची घडामोड, इंडियन ओशन डायपोल, १९९९ मध्ये ओळखली गेली. ती आपल्या पावसाला हात देते, म्हणून १९९७ चे कोडे काही अंशी सुटते. काही अंशीच.

देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात, १९७१ ते २०२० च्या नोंदींवरून. महाबळेश्वर आणि दुष्काळी माण या दोघांना पोटात घेणारा आकडा शेतकऱ्याच्या काय कामाचा, हा आक्षेप रास्त आहे. पेरणीनंतर पाऊस किती दिवस ओढ देईल, हे त्याला हवे असते. म्हणून पावसातल्या खंडांवरचे प्रकरण आम्ही मुद्दाम लांबवले आहे.

गणित कच्चे असलेल्या वाचकाने समीकरणे ओलांडून पुढे जावे, काही बिघडत नाही. पर्जन्यमापकावरचे पहिले प्रकरण मात्र गाळू नये. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा असतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुराचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा म्हणूनच २७ तारखेच्या सकाळी मोजलेला आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. शहरात कुलाब्याची एकच वेधशाळा असती, तर त्या दिवसाची नोंद इतिहासात कशी राहिली असती, हा त्या प्रकरणातला पहिला स्वाध्याय आहे.