डेटा नाही, ओव्या आहेत

‘‘मराठी गेलं, भाई. लवकर या.’’

१९९६ पासून पुढची दहा वर्षं मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं आणि फोनवर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकलं. कधी छापखान्यातून, कधी पतसंस्थेतून, कधी वकिलांच्या टायपिस्टकडून. जाऊन बघावं तर काल संध्याकाळपर्यंत जो मजकूर मराठीत होता, त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा. मी म्हणायचो, ‘‘मराठी नाही गेलं, फॉन्ट गेला.’’ समोरचा माणूस माझ्याकडं संशयानं बघायचा. मी मनात म्हणायचो, या लोकांना काही म्हणजे काही कळत नाही.

अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं गिऱ्हाईक अडाणी असलं तरी दुखणं नेमकं सांगायचं. मागं पडतंय, रात्री थांबतंय, आत पाणी गेलंय. घड्याळ घरात दोन-तीन पिढ्या नांदलेलं होतं, त्याच्या आजाराला आपल्या भाषेत शब्द होते. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता करू लागलो आणि पोटासाठी सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केला. माझ्या गिऱ्हाइकाकडं एकच शब्द होता, ‘चालत नाही’. काय चालत नाही? ‘काहीच.’ जाऊन बघावं तर मॉनिटरचं बटण बंद.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा व्हायची. यंत्राला हात जोडणं आपल्या रक्तात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी कीबोर्डमधलं कुंकू आणि पंख्यातल्या झेंडूच्या पाकळ्या मलाच काढाव्या लागत. काही मराठी सॉफ्टवेअरबरोबर एक छोटं कुलूप यायचं, ते प्रिंटरच्या पोर्टला मागून लावावं लागे. साफसफाई करताना कुणीतरी ‘हे काय फालतू अडकवलंय’ म्हणून ते काढून ड्रॉवरमध्ये टाकी आणि सॉफ्टवेअर उघडायचं बंद होई. सगळ्यात मोठं दुखणं पैशाचं. मशीन सुरूच होत नसलं की आम्ही रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासायचो आणि परत बसवायचो. मशीन चालू! मग प्रश्न यायचा, ‘‘पार्ट तर काही बदललाच नाही. खोडरबराचे शंभर रुपये?’’ अब्बांना हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ते डोळ्याला भिंग लावायचे, त्या भिंगालाच मान होता.

आता या ‘मराठी गेलं’चा इतिहास जरा बघू. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी मोठा ‘ए’ म्हणजे ६५, हे अमेरिकेत १९६३ सालीच ठरून गेलं होतं. आपल्या लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये काम झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि ते काम तिथं आलं. ‘जिस्ट’ नावाचं एक कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावरही देवनागरी उमटे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ हे मानक जाहीर केलं. त्यात ‘क’ला एक ठराविक आकडा मिळाला, ‘ख’ला दुसरा, आणि भारतातल्या बहुतेक लिप्यांना मिळून एकच तक्ता. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यातही देवनागरी होती.

म्हणजे माझं दुकान सुरू होण्याच्या पाच वर्षं आधीच हा प्रश्न सुटलेला होता. फक्त कागदावर.

आमच्या गल्लीपर्यंत जे पोचलं ते वेगळंच होतं. विंडोज ९५ आलं आणि त्याबरोबर मराठी फॉन्टचा सुळसुळाट झाला. हे फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकृत्या बिऱ्हाडाला आणून ठेवलेल्या. टाइपरायटरच्या मांडणीवर बेतलेल्या कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये तुम्ही ‘कमल’ लिहिलंत, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवली जात ती ‘डी, ई, वाय’ ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट हजर असेपर्यंत ती ‘कमल’ दिसत. तो पुसला गेला की सोंग उतरलं, खाली उरलं डी-ई-वाय. त्यातही एकवाक्यता नाही. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ज्या घरात ‘क’ राहतो, तिथं दुसरीच्या फॉन्टमध्ये भलतंच कुणी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, रफार नंतर. उर्दू लग्नपत्रिका करणारे आमच्या मोहल्ल्यातले लोकही हीच तक्रार घेऊन यायचे, ‘उर्दू उड गयी’.

थोडक्यात, त्या फाइलीत मराठी कधी नव्हतंच. ‘मराठी गेलं’ म्हणणारा माणूस बरोबर होता आणि त्याला हसणारा मी फक्त फॉन्टपुरतं बघत होतो.

हे मला ज्यांनी शिकवलं ते एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणायचो. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि एका बोटानं टाइप करत बसायचे. जून १९९९ मध्ये त्यांचं मशीन सुरू होईना. त्याआधी २६ एप्रिलला ‘चेर्नोबिल’ नावानं गाजलेल्या व्हायरसनं कितीतरी देशांत धुमाकूळ घातला होता. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा, काही मशीनचं बायोससुद्धा बिघडवायचा. भारतातही पुष्कळ मशीन बसली. तेव्हापासून आम्हा दुरुस्तीवाल्यांना एक सवय जडली होती, संशय आला की फॉरमॅट. सगळं पुसायचं, विंडोज नव्यानं टाकायचं, दीड तासात मोकळं.

मी नियमाप्रमाणं विचारलं, ‘‘गुरुजी, आत महत्त्वाचा डेटा काही आहे का?’’

‘‘डेटा-बिटा कुठला रे माझ्याकडं? नुसत्या आईच्या ओव्या आहेत.’’

मी ओव्या हा शब्द ऐकला. कवी माणूस, मला तो आवडलाही. हसलो आणि फॉरमॅटची आज्ञा देऊन चहा घेतला.

मशीन छान सुरू झालं. गुरुजींनी आधी माझे दीडशे रुपये दिले, मग चष्मा लावून खुर्चीवर बसले. बराच वेळ माऊस फिरवून म्हणाले, ‘‘ओव्या कुठं ठेवल्यास?’’ मी सांगितलं. त्यांना पटेना. ‘‘अरे, याच मशीनमध्ये होत्या ना? मग मशीन तर चालू झालं!’’ रेडिओ बिघडला म्हणून कुणी गाणं घेऊन जात नाही, असं काहीतरी ते म्हणाले. रागावले नाहीत. ते पैसे मी परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. अजून बोचतं ते हेच.

आई आणि गावातल्या चार-पाच बाया जात्यावर म्हणायच्या, त्या ओव्या त्यांनी वहीत उतरवल्या होत्या आणि टाइप झाल्या म्हणून वही एका नातेवाइकाला देऊन टाकली होती. कॉम्प्युटरमध्ये गेलेली गोष्ट कायमची, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणीतरी म्हणजे आमच्यासारख्यांनीच. वही पुढं मिळाली नाही. बाया तर कधीच गेल्या होत्या.

चार दिवसांनी गुरुजी दोन फ्लॉपी घेऊन आले, भाच्यानं कधीतरी काढून ठेवलेल्या. एक चांगली वाचली गेली, दुसरी अडखळत अर्धीमुर्धी. फाइल उघडली आणि समोर इंग्रजी पाचोळा. फॉन्टही माझ्याच फॉरमॅटमध्ये गेला होता. तो ज्या डीटीपीवाल्याकडून आणला होता, त्यानं दुकान बंद करून गाव सोडलं होतं.

गुरुजींकडं छापलेली अकरा पानं होती. रात्री दुकान बंद केल्यावर मी ती पानं आणि तो पाचोळा शेजारी ठेवून बसायचो. हे चिन्ह म्हणजे काना, हे अर्धा ‘त’, हे ‘वाऱ्या’तला तो आपला खास मराठी मोडका र. असा तक्ता करायला पावसाळा गेला. गुरुजी अधूनमधून येऊन बसत. एखादी ओळ लागली की पुढची तोंडपाठ म्हणत, आणि मग मी चिन्हं त्यावरून ताडून बघत असे. ते एक बोट फिरवत वाचायचे, त्या बोटाला मी पूर्वी हसलो होतो.

पुढं दिवस बदलले. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला. २००१ च्या एक्सपीत मात्र देवनागरीसाठी एका चौकटीत खूण करावी लागे, तशी केली की ते मूळ सीडी मागे. मूळ सीडी आमच्या गल्लीत कुणाकडं होती, हा प्रश्न विचारू नये. मी दोन-तीन वर्षं ती खूण करत शहरभर हिंडलो. त्याच २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटीच्या वर्गांतून घराघरात कॉम्प्युटर कळू लागला, ‘मराठी गेलं’चे फोन हळूहळू कमी झाले. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळायला मात्र २००८ उजाडलं. तोवर मी दुकान आवरलं होतं.

गुरुजी २००७ साली गेले. ओव्या मी नंतर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केल्या. दुसऱ्या फ्लॉपीतल्या काही ओळी मध्येच तुटत होत्या, तिथं मी मोकळी जागा सोडली. ती प्रत त्यांच्या धाकट्या लेकीला नेऊन दिली. तिनं चष्मा लावला, पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबली आणि हलक्या आवाजात चाल धरली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तो शब्द आपसूक आला, म्हणाली, ‘‘लिहून घ्या, दादा.’’

त्या दुपारी सात जागा भरल्या.