गर्भपात सेवा घेताना आपली माहिती गुप्त राहते का?

होय. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ मध्ये २०२१ साली कलम ५-अ जोडण्यात आले. त्यानुसार कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती वगळता डॉक्टर आपले नाव वा तपशील कोणालाही सांगू शकत नाहीत. उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नोंद कशी होते?
आपले नाव फक्त प्रवेश नोंदवहीत लिहिले जाते. ही नोंदवही गोपनीय असते. केसपेपर व इतर नोंदींमध्ये नावाऐवजी अनुक्रमांक असतो.

संमती कोणाची लागते?
• वय १८ पूर्ण असल्यास फक्त आपली. पती, आईवडील किंवा सासरच्यांची संमती लागत नाही. अविवाहित असलात तरी हाच नियम.
• वय १८ पेक्षा कमी असल्यास पालकाची लेखी संमती लागते. डॉक्टरांना पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावे लागते. मात्र मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही (सर्वोच्च न्यायालय, २९ सप्टेंबर २०२२).

विमा किंवा आयुष्मान कार्ड वापरताना
• कार्डाला किंवा पॉलिसीला कोणाचा मोबाईल क्रमांक जोडला आहे, ते आधी तपासा. उपचाराचा संदेश त्या क्रमांकावर जाऊ शकतो.
• आभा खात्यातील नोंदी आपल्या संमतीनेच इतरांना दाखवल्या जातात. संमती देण्यापूर्वी वाचा.
• आयुष्मान भारत योजनेविषयी चौकशीसाठी १४५५५ वर फोन करा.