पन्नास एमबीची चकती : रेस्क्यू सीडीचा छोटा इतिहास



सुरुवात एका छोट्या छापखान्यापासून करू. तिथल्या पेन्टियम थ्री मशीनवरचं विंडोज ९८ एक दिवस सुरूच होईना. मालकांना मशीनची फिकीर नव्हती. त्यांचा जीव अडकला होता आतल्या पंधरा वर्षांच्या मराठी जुळणीत : दिवाळी अंक, स्मरणिका, कवितासंग्रह. आम्ही नव्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्या बायॉसला यूएसबीवरून बूट होणं ठाऊकच नव्हतं. मग सीडी करून नेली, तर ६४ एमबी रॅममध्ये तिचा श्वास कोंडला. शेवटी कामाला आली ती डॅम स्मॉल लिनक्स नावाची जुनी सीडी, जेमतेम ५० एमबीची.

आता ५०च का? ही गंमत समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९९०च्या दशकात बंद पडलेल्या मशीनवर उपचार फ्लॉपीनं व्हायचे. टॉम ओह्सर यांच्या ‘टॉम्सआरटीबीटी’मध्ये अख्खं छोटं लिनक्स एका फ्लॉपीवर होतं. १.४४ एमबीची फ्लॉपी ते १.७२२ एमबीला फॉरमॅट करायचे. म्हणजे बघा, किती काटकसर! दरम्यान १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ हे मानक आणलं आणि पीसी थेट सीडीवरून सुरू करायची वाट मोकळी झाली.

१९९९च्या सुमारास लिनक्सकेअर या अमेरिकी कंपनीतल्या मंडळींनी व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर दुरुस्तीची हत्यारं भरली. त्या कार्डात मावायचं साधारण ५० एमबी. आपला आकडा आला तो इथून! पुढे जॉन अँड्र्यूज यांनी प्रयोग म्हणून पाहिलं, की ५० एमबीत वापरण्याजोगे किती डेस्कटॉप प्रोग्राम बसतात. त्यातून डॅम स्मॉल लिनक्स झालं. मर्यादा खिशातल्या कार्डाची होती. पण त्या मर्यादेत बसवताना प्रोग्राम इतके हलके निवडावे लागले, की १६ एमबी रॅमच्या ४८६वरही ते चालू शकलं. जुन्या मशीनची सोय अशी जवळजवळ नकळत झाली.

त्याआधी २००० साली जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स आणलं होतं. डेटा दाबून भरल्यामुळे ७०० एमबीच्या सीडीत जवळपास दोन जीबीचा ऐवज बसायचा, आणि समोरचं हार्डवेअर सीडी स्वतः ओळखायची. २००३ साली ऑस्ट्रेलियातून बॅरी कॉलर यांचं पपी लिनक्स आलं. ते रॅममध्ये जाऊन बसतं, म्हणून सीडी काढून ड्राइव्ह मोकळा करता येतो.

मग काळ उलटला. पेन ड्राइव्ह मोठे झाले, जागेची चणचण संपली. आता अडचण आली प्रोसेसरची. २०१३च्या लिनक्स कर्नल ३.८ मधून ३८६चा आधार गेला. सुरुवातीचे काही पेन्टियम एम लॅपटॉप ‘पीएई’ असल्याचं सांगत नाहीत, त्यामुळे नंतरच्या अनेक सीडी तिथे सुरूच होत नाहीत. २०२५च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच उरला नाही. खुद्द डॅम स्मॉल लिनक्स २०२४ मध्ये परतलं ते ७०० एमबीचं होऊन.

म्हणून निवड करताना आम्ही आधी मशीनचं वय विचारतो. बूट कुठून होतं, रॅम किती, प्रोसेसर कोणता, हे कळलं की मशीनच्याच काळातली, किंवा तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी नवी सीडी घ्यायची. फार जुनी घेतली तरी फसगत होते. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी स्थिरावेपर्यंत लिनक्सवरून विंडोज एक्सपीच्या एनटीएफएस डिस्कवर लिहिणं भरवशाचं नव्हतं.

आणि दुरुस्ती शेवटी! हार्ड डिस्क आधी फक्त वाचण्यापुरती उघडायची आणि माल बाहेर काढायचा. डिस्क खराब असेल, तर डीडीरेस्क्यूनं तिची प्रत करायची. ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. मरायला टेकलेल्या डिस्कला हाच क्रम मानवतो.

छापखान्यात यूएसबी १.१ होतं, एका जीबीला पंधरा-वीस मिनिटं. चहा दोनदा झाला. फायली आल्या, मालक खूश झाले. मशीन बंद करता करता आठवलं, फॉन्ट राहिले! श्री-लिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांतली जुळणी युनिकोड नसते. तो फॉन्ट नसेल तर कविता पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पुन्हा सीडी घातली, विंडोजमधलं फॉन्टांचं फोल्डर उचललं.

तेव्हा मंडळी, घरी जुनी रेस्क्यू सीडी असेल तर टाकू नका. तिची एक प्रत आजच करून ठेवा. सीडीलाही म्हातारपण येतं. आपल्याकडची कितीतरी मराठी अक्षरं अजून अशाच मशीनांत बंद आहेत, आणि ते कुलूप उघडणारी किल्ली कदाचित तुमच्या खणात पडली असेल.