परळ येथील दोन शिला व परळ हें ग्रामनाम

मुंबई बेटांतील परळ हें गांव आज शहराच्या पोटांत इतकें मुरून गेलें आहे कीं, त्याचें गांवपण शोधावयाचें तर दगडांकडेच वळावें लागतें. या ग्रामनामाविषयीं दोन मतें रूढ आहेत. पाडळ म्हणजे संस्कृतांतील पाटला या वृक्षावरून नांव पडलें, असें एक. परळी वैजनाथ महादेवाच्या देवळावरून पडलें, असें दुसरें. या दुसऱ्या मताला परळ येथें सांपडलेल्या शिलालेखांतील ‘वैद्यनाथ’ या देवनामाचा आधार दिसतो. तो आधार कितपत टिकतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

शिलालेख उत्तर कोंकणच्या शिलाहार अपरादित्याच्या कारकीर्दींतील आहे. काल शके ११०८, पराभव संवत्सर, माघ मास, म्हणजे इ. स. ११८७. राजास त्यांत कोंकणचक्रवर्ती म्हटलें आहे. षट्षष्टि म्हणजे आपली साष्टी. तींतील महवली गांवच्या एका वाडीच्या उत्पन्नांतून २४ द्रम्म वैद्यनाथाच्या पंचोपचार पूजेस लावून दिल्याची ही नोंद. महवली म्हणजे कुर्ल्यानजीकचें माहूल असावें. लेख लिहिणारा वालिग पंडित नांवाचा कायस्थ. येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु ज्या एका शब्दावर ग्रामनामाचा निकाल लागावयाचा, तो यापुढेंच येतो. हा वैद्यनाथ नुसता वैद्यनाथ नव्हे. तो दर्भावतीचा वैद्यनाथ आहे.

दर्भावती हें गुजराथेंतील डभोईचें संस्कृत नांव प्रसिद्धच आहे. तेथें वैद्यनाथाचें मंदिर होतें व विक्रम संवत् १३११ ची सोमेश्वरकृत प्रशस्ति त्याची साक्ष देते. प्रशस्ति आमच्या लेखानंतरची आहे खरी, तथापि देव आणि स्थळ या दोहोंचा असा मेळ सहसा अकस्मात् पडत नाहीं. साष्टींतील वाडीचें उत्पन्न गुजराथेंतील देवास कसें पोंचेल, ही शंका आम्हांस फारशी अडवीत नाहीं. याच कुळांतील पहिल्या अपरादित्यानें तेजकंठ नांवाचा दूत थेट काश्मीरास पाठविल्याचें मंखाच्या श्रीकंठचरितांत आलें आहे. मग डभोई तर जवळच म्हणावयाची! आतां कोणी म्हणेल कीं, दर्भावती हें परळचेंच जुनें नांव असेल. तसें मानल्यास परळी वैजनाथाची व्युत्पत्ति आपल्याच हातांनीं मोडते. कारण बाराव्या शतकांत तो देव परळीचा नसून दर्भावतीचा होता, असें त्यांतून निघतें. कोणत्याही बाजूनें पाहिलें तरी हा लेख त्या मताच्या कामीं येत नाहीं. परळ हें नांवही त्यांत नाहीं.

शिवाय हा गद्धेगाळ आहे. दान मोडणाऱ्याच्या आईस उद्देशून दिलेली शिवी अशा शिळांवर शब्दांनीं व चित्रानें कोरीत, आणि शिळा सामान्यतः दिलेल्या जमिनींत किंवा तिच्या शिवेवर रोवीत. म्हणजे हिची मूळची जागा माहूलकडे असण्याचा संभव अधिक. दगड हलतात, ही गोष्ट संग्राहकांस सांगावयास नको. हा लेख संस्कृतांत चालतो, पण शापाशीं येतांच मराठी बोलूं लागतो. ज्यानें भ्यावयाचें त्याला शाप कळला पाहिजे, हा त्यांतील सरळ व्यवहार. शके ११०८ ची ती मराठी, कितीही ओंगळ असो, सभ्यतेच्या भयानें गाळणें आम्हांस मान्य नाहीं.

पुढील इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. पोर्तुगीज अमदानींत येथें जेझुइटांचें चर्च व मठ झाला. १७२० च्या सुमारास इंग्रजांनीं तो काढून घेतला, व त्याचेंच पुढें गव्हर्नराचें निवासस्थान बनलें. १८८२ त लेडी फर्ग्युसन येथें पटकीनें वारल्या. नंतर गव्हर्नरांनीं ही जागा सोडली. प्लेगच्या दिवसांत हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ त या वास्तूंत आली, व १९२५ पासून संस्थेस त्यांचें नांव आहे. मठाच्या जागीं पूर्वीं वैजनाथाचें देऊळ होतें, ही परंपरा पुष्कळ ठिकाणीं छापलेली आहे. परंतु छापलेली परंपरा आणि समकालीन कागद यांत अंतर आहे, आणि वरील शिलालेखास तरी त्या परंपरेचा साक्षीदार करतां येत नाहीं.

मग परळच्या प्राचीनत्वास पुरावा काय? तो १९३१ त रस्त्याच्या कामांत निघाला. सात शिवरूपें एकांतून एक उगवल्यासारखीं दाखविणारी, पायथ्याशीं वादक गण असलेली ती प्रचंड शिला आज बारादेवीच्या देवळांत आहे. शैलीवरून ती पांचव्या-सहाव्या शतकांतील मानतात. उंची दहा फुटांहून अधिक. गद्धेगाळ चार गडी उचलून नेतील. ही शिला कोणी सहज दूर नेणार नाहीं. जी शिला बोलते ती परळविषयीं बोलत नाहीं, आणि जी मुकी आहे तीच या गांवची खरी साक्षीदार ठरते!

नांवापुरतें बोलावयाचें तर आमचा कल पाडळीकडे आहे. चिंचपोकळी, वडाळा, उमरखाडी, फणसवाडी अशीं झाडांचीं नांवें याच बेटांत शेजारींशेजारीं नांदत आहेत. पण कल म्हणजे सिद्धांत नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर उत्तुंग इमारती उठल्या व पायांसाठीं खोल खणती झाली. असें कांहीं निघेल तेथें वस्तूबरोबर तिची जागाही टिपून ठेवावी. आणि ज्यांच्या दप्तरांत या भागांतील वाड्यांचीं जुनीं मोडी खतें असतील, त्यांनीं गांवाचें नांव पडेल, परेल कीं परळ असें लिहिलें आहे तें तारखेसह उतरून मंडळाकडे धाडावें.