मकराचे मुख

राशीला चित्राचा विषय करणारा आजचा चित्रकार मकरापाशी आला की त्याला एका जुन्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. वृषभ, सिंह वा वृश्चिक यांच्या रूपाबद्दल कोणाचे दुमत नाही. मकर मात्र कोठे शिंगांचा बकरा असतो, कोठे मत्स्यपुच्छ धारण केलेला बकरा, तर कोठे सोंड उचललेला जलचर. आपल्या वृत्तपत्रांतील राशिभविष्यांच्या सदरांतही ही सारी रूपे आढळतात. यांतील एक खरे आणि बाकीची भ्रष्ट, असे म्हणणे सोपे आहे. परंतु इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

या चित्राचे मूळ मेसोपोटेमियात आहे. पुढचे अंग बकऱ्याचे व मागचे माशाचे, असा हा प्राणी तेथे एआ या जलदेवतेचे चिन्ह होता आणि सीमादानाच्या कोरीव शिळांवर तो दिसतो. ग्रीकांनी त्याला 'बकऱ्याच्या शिंगांचा' अशा अर्थाचे नाव दिले. रोमन सम्राट ऑगस्टसने तर ही रास आपल्या नाण्यांवर मिरवली.

ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत यवनांचे फलज्योतिष भारतात आले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहज्जातका'त ग्रीक राशिनामे संस्कृत वळणाने नोंदवली आहेत. 'आकोकेर' हे त्यांतलेच. मूळ ग्रीक ध्वनी त्यात अजून ऐकू येतो. तथापि रूढ झाले ते 'मकर' हेच नाव. मकर येथे आधीपासून होता. तो वरुणाचे वाहन आणि कामदेवाच्या ध्वजावरील चिन्ह. उदयगिरीच्या वराहगुंफेत आणि वेरूळच्या रामेश्वर लेण्यात गंगा त्याच्यावरच उभी आहे. भाषांतरकाराने शब्दाला शब्द दिला नाही. जलदेवतेच्या प्राण्याला त्याने आपल्या परंपरेतला जलदेवतेचा प्राणी दिला. मूळ बकऱ्याची खूण मात्र पुरती पुसली गेली नाही, कारण वराहमिहिराचा मकर मृगमुखी आहे. बकऱ्याचे मुख मृगाचे झाले आणि माशाचे शरीर मकराचे.

हीच रास पुढे दुसऱ्या वाटेनेही भारतात आली. अल्-सूफी या ज्योतिर्विदाने इ.स. ९६४ च्या सुमारास अरबीत रचलेल्या ताऱ्यांवरील ग्रंथाने ग्रीक तारकाचित्रे इस्लामी जगाला दिली. अरबीत या राशीला 'जदी', म्हणजे करडू, म्हणतात. इ.स. १६१८ मध्ये जहांगीरने नाण्यांवर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र छापण्याची आज्ञा दिली. ही आपली नवी कल्पना असल्याचे तो आत्मचरित्रात अभिमानाने सांगतो. अहमदाबादच्या रुपयांवर आणि आग्र्याच्या मोहरांवर मग मेंढा, बैल, सिंह अवतरले. मकराच्या ठिकाणी आला तो शिंगांचा संमिश्र पशू. एकाच देशात गंगेचा मकर आणि बादशहाचा बकरा एकाच राशीची नावे सांगत राहिले.

आकाशाने या कथेत आणखी एक भर घातली आहे. आपल्या काळी उत्तरायण मकराच्या आरंभी सुरू होते, असे वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त नोंदवले. पुढे संपातचलनामुळे अयनबिंदू सरकला. आज सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, तर निरयन पंचांगाची मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. म्हणजे ज्या घटनेसाठी मकर पूज्य ठरला, ती घटना त्याच्यापासून दूर गेली. तरी तिळगूळ त्याच्याच नावाने वाटला जातो. अर्थ निसटल्यावरही प्रतिमा टिकते, ती अशी.

म्हणून मकर चितारणाऱ्या चित्रकाराने शुद्धतेच्या शोधात पडण्याचे कारण नाही. एकच शुद्ध रूप हवे, हा आग्रह धरला तर या प्रतिमेचा निम्मा इतिहास परका म्हणून बाहेर टाकावा लागेल, आणि 'आकोकेर' लिहून ठेवणारा वराहमिहिरही त्यातून सुटणार नाही. परक्यांची विद्या आपल्या भाषेत आणताना त्याने तिचे मूळ नाव लपवले नाही आणि आपले नावही सोडले नाही. भाषांतराचा याहून प्रामाणिक नमुना सापडणे कठीण. मकराचे मुख मृगाचे रेखाटावे की बकऱ्याचे, हा निर्णय कुंचला घेईल; मात्र त्या मुखामागे किती भाषा उभ्या आहेत, याची जाणीव रेषेत उतरली पाहिजे.