पंचवीस सत्रं

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की वृषणं काढल्यावर पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरही आटोक्यात येतो. १९६६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावातून पाहिलं, तर हा सोयीचा उपचार: एक ऑपरेशन, थोडा मुक्काम, मग घर.

पण जास्त जोखमीचा, तरी दूरवर न पसरलेला कॅन्सर बरा करायचा, तर तेवढ्यानं भागत नाही. टाटामध्येच २०११ ते २०१७ दरम्यान २२४ रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांना किमान दोन वर्षं हार्मोन-उपचार आणि २५ सत्रांत रेडिएशन दिलं. निम्म्यांच्या ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही त्यात घेतल्या. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण या गटात ९५ टक्के, तर दुसऱ्यात ८१ टक्के होतं.

२५ सत्रं म्हणजे आठवड्याला पाच, असे पाच आठवडे. २०१३पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण मुंबई शंभर किलोमीटरहून लांबच. म्हणजे तिथं खोली, सोबतीला माणूस आणि दोघांची बुडालेली कमाई.

हगिन्सचं ऑपरेशन आजही हार्मोनच्या इंजेक्शनांना पर्याय आहे, रेडिएशनला नाही. म्हणून रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या चिठ्ठीसोबत राहण्याची सोयही हवी. नाहीतर सोपा अर्धा उपचार होतो आणि बरं करणारा अर्धा राहून जातो.